ॲव्हरेज १७ वरून साडेबारावर. गाडीला झालंय काय? (म्हापसा–वेर्णा, रोजचं)

पिंपळकट्टा

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी २०१६ ची, पेट्रोल, १.२ लिटरची साधी हॅचबॅक, पाच गिअर मॅन्युअल. ९४ हजार किलोमीटर झालेत. रोज म्हापसा ते वेर्णा औद्योगिक वसाहत आणि परत, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. रस्ता सगळ्यांना पाठ आहे: गिरी, पर्वरीचा चढ आणि तिथला तुंबारा (ट्रॅफिक जाम), अटल सेतू, मेरशी, बांबोळीचा चढ, आगशी, झुआरी पूल, कुठ्ठाळीवरून पुन्हा चढ. दोन वर्षांपूर्वी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल हिशोबाने ही गाडी मला १७ द्यायची. गेल्या वर्षभरात घसरत घसरत १२.५ वर आली. वही ठेवतो, त्यामुळे आकडा अंदाजे नाही.

सर्व्हिसिंगला सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "गाडी जुनी झाली, पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चाललंय." मग एका बाहेरच्या गॅरेजात प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. साडेचार हजार गेले आणि ॲव्हरेज १२.७ झालं! चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. पिकअप ठीक, धूर नाही, मिसिंग नाही. बायकोचं निदान वेगळंच आहे, ती म्हणते तुझा पाय जड झालाय.

ऑफिसातला एकजण स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं एक 'पेट्रोल सेव्हर' देतोय, पंधराशेला. घेऊ का? की आधी दुसरं काही बघू?

दोडामार्गी

इथेनॉल, दुसरं काही नाही. आम्ही सिंधुदुर्गातले लोक २०१२ मध्ये पर्रीकरांनी व्हॅट उतरवला तेव्हापासून गोव्यात टाकी भरायला येतो. तेव्हा लिटरमागे अकरा रुपये सुटले होते, पेट्रोल पंपावर आमच्याच पाट्यांच्या गाड्या दिसायच्या. आता फरक तेवढा उरला नाही, आणि जे मिळतं ते पेट्रोल कमी नि उसाचा रस जास्त. माझी डिझेल आहे म्हणून वाचलो. तुमचं १२ च्या वर जाणार नाही, मन घट्ट करा.

कोरडा_विनोद

पंधराशेचं यंत्र घ्या. त्यातला हिरवा दिवा बघून मनाचं ॲव्हरेज नक्की वाढतं.

लॅम्बडा_एक

यंत्र घेऊ नका. त्याच सॉकेटात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर सात-आठशेला मिळतो, तो घ्या आणि फोनवर एखादं ॲप टाका. पेट्रोल सेव्हरच्या आत बहुतेक वेळा दिवे लुकलुकवणारी एक चिप असते, बाकी काही नाही.

मी पुण्यात आठ वर्षं इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काढली, आता मडगावला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, सहन करा.

आधी इथेनॉल निकालात काढू. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी बसवलेल्या चारचाकीला २० टक्क्यांवर ६ ते ७ टक्के फटका बसेल. आकडा कमी धरलाय असं म्हणणारेही आहेत. समजा दहा टक्के धरा. १७ चे १५.३ होतात. १२.५ होत नाहीत. आणि दोन वर्षांपूर्वी तुम्हाला १७ मिळत होतं तेव्हाही पंपावर शुद्ध पेट्रोल नव्हतंच, १० टक्के मिश्रण देशभर २०२२ मध्येच झालं होतं. तेव्हा इथेनॉलच्या माथी फार तर एक किलोमीटर मारता येईल. उरलेले साडेतीन कोणी खाल्ले ते शोधायला हवं.

आता गाडीच्या डोक्याबद्दल. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, हा अतिशय आज्ञाधारक कारकून आहे. समोर जे कागद येतात त्यावरून तो सही करतो, बाहेर जाऊन बघत नाही. हवा किती आत आली ते एक सेन्सर सांगतो, इंजिन किती तापलंय ते कूलंटचा सेन्सर सांगतो, आणि जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन उरला की नाही ते सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलला साधारण १३.५ पट. हे गुणोत्तर तो सेकंदात अनेकदा दुरुस्त करत असतो. ही दुरुस्ती 'फ्युएल ट्रिम' नावाने स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. अधिक पाच-सहा दिसलं तर या पेट्रोलवर जुन्या गाडीत ते चालायचंच. अधिक पंधरा-वीस दिसलं तर कुठेतरी चोरून हवा घुसतेय किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

स्कॅनर आला की तीन गोष्टी लिहून कळवा: कूलंटचं तापमान (थंड सुरुवातीपासून ऑफिसपर्यंत, ठिकाणं धरून), लाँग टर्म फ्युएल ट्रिम, आणि गाडी उभी असतानाचा आरपीएम. आणि कृपा करून तोवर काहीही बदलू नका. पुढेही एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

उसगावचो

एअर फिल्टर पुन्हा बघा. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांच्या काळात महिन्याला तांबडी माती झाडायचो. फिल्टर चोंदला की ॲव्हरेज मेलं.

लॅम्बडा_एक

उसगावचो, कार्बोरेटरच्या गाडीत अगदी खरं होतं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कारकून पेट्रोलही कमी सोडतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या पळवल्या. नव्या गाड्यांचं ॲव्हरेज जवळपास हललं नाही, जोर मात्र कमी झाला. फिल्टर बदलायचाच, पण तो इंजिनच्या आयुष्यासाठी.

स्पॅनरबाब

फोंड्याला चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही, वरचे बाब सांगतात ते बरोबर असेल. पण पिंपळकट्टा, तू आधी खालचं बघ.

सपाट जागेवर गाडी न्यूट्रल कर, हँडब्रेक सोड, आणि एकट्याने ढकल. ही एवढीशी गाडी एका माणसाला सहज ढकलता आली पाहिजे. नाही ढकलली गेली तर ब्रेक धरतोय. पावसाळा झाला की आमच्याकडे पाचातली एक गाडी अशी यायची. किनाऱ्याची खारी हवा, चार महिने पाऊस, रात्री ओला ड्रम आणि वर हँडब्रेक खेचून ठेवलेला. सकाळी लाइनर ड्रमला चिकटलेले असतात. 'टक' असा आवाज येऊन सुटतात, पण पुरते मागे जात नाहीत. मागे केबल गंजलेली असते, पुढे कॅलिपरच्या पिना. मालकाला काही कळत नाही, गाडी पळते, फक्त पेट्रोल पिते.

दुसरं, ऑफिसला पोचलास की चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात ने. लावू नको, पोळेल. नुसता जवळ ने. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तोच चोर.

हवा कधी भरली होतीस? आणि एक विचारायचं होतं, ही गाडी मध्ये कधी गरम झाली होती काय?

पिंपळकट्टा

काका, हो! गेल्या वर्षी मे महिन्यात पर्वरीत तुंबाऱ्यात काटा वर गेला होता. जवळच्याच एका गॅरेजात नेली. पंख्याचा रिले जळला होता, तो बदलला. पुन्हा गरम झाली नाही. पण त्याचा ॲव्हरेजशी काय संबंध?

हवा... दिवाळीत भरली होती बहुतेक. 🙈

स्पॅनरबाब

बिल आहे का बघ त्याचं.

चोर्लावीर

मी दर पंधरा दिवसांनी बेळगावला जातो. माझी युक्ती सांगतो: चोर्ला उतरताना वरून थेट केरीपर्यंत न्यूट्रल. पेट्रोल शून्य. माझं ॲव्हरेज कधी १८ च्या खाली आलं नाही.

लॅम्बडा_एक

चोर्लावीर, शून्य नाही हो. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं, उभ्या गाडीसारखंच. तेच तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलात तर चाकंच इंजिनला फिरवतात, आणि ईसीयू इंजेक्टर साफ बंद करतो. तेव्हा खरोखर शून्य. आरपीएम हजार-बाराशेच्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करतो. म्हणजे घाटात गिअरमध्ये उतरणं स्वस्तही आणि इंजिन ब्रेक मिळतो तो वेगळा. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर, आणि चोर्ल्याच्या वळणांवर पेडल मऊ पडलं तर ॲव्हरेजचा हिशोब करायला कोणी उरणार नाही.

प्रामाणिकपणे एक कबूल करतो. उतार अगदी सौम्य असेल, आणि गिअरमध्ये ठेवल्यावर गाडी इतकी हळू होत असेल की पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तर तिथे कागदावर न्यूट्रल जिंकतं. पण मी ते करत नाही आणि कोणाला करायला सांगणारही नाही.

चोर्लावीर

माझ्या वडिलांनी शिकवलंय न्यूट्रल. त्यांनी अँबेसेडर लाखभर चालवली.

स्पॅनरबाब

वडिलांचं बरोबर होतं. कार्बोरेटर गिअरमध्येही पेट्रोल ओढायचा. तुझ्या गाडीत कार्बोरेटर नाही.

चोडणची_मानकुराद

माझा प्रश्न वेगळा आहे. मी रोज चोडणहून रायबंदरला फेरीने येते. धक्क्यावर कधी दहा मिनिटं, कधी वीस. सगळे एसी लावून गाडी चालू ठेवून बसतात, मीही. किती जातं त्यात?

लॅम्बडा_एक

मानकुरादबाय, १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीला एसी लावून उभं राहायला तासाला पाऊण-एक लिटर धरा. वीस मिनिटांना पाव लिटरच्या वर. म्हणजे रोज तीन-चार किलोमीटर धक्क्यावर उभ्या उभ्या. इंजिन पुन्हा सुरू करायला इंजेक्शनच्या गाडीत फार पेट्रोल लागत नाही, तेव्हा मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद करा. बॅटरी मात्र धड हवी, नाहीतर फेरीवर चढायच्या वेळी मागच्यांच्या शिव्या ऐकाल.

चोडणची_मानकुराद

एप्रिल-मे मध्ये बंद करून दाखवा तुम्ही. 😀 बाकी महिने करीन.

पिंपळकट्टा

चार दिवसांनी हजर. आधी हवा. दारातल्या स्टिकरवर ३३ लिहिलंय, माझ्या चाकांत २६, २७, २५ आणि २८. भरली.

ढकलून बघितली. काका, हलली नाही! म्हणजे हलली, पण मुलगा नि मी दोघं लागलो. ऑफिसात पोचून हात जवळ नेला तर मागचं डावं चाक तव्यासारखं. दुसऱ्या दिवशी ड्रम उघडला. एका बाजूचे लाइनर अर्धे काळे पडलेत आणि हँडब्रेकची केबल आत गंजून फुगलेली. केबल, लाइनर बदलले, पुढच्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं. आता एका हाताने गाडी सरकते. हवा नि ब्रेक एकाच वेळी झाले, लॅम्बडाबाब रागावू नका, चाक खोललंच होतं.

स्कॅनरही आला. सकाळी २९ अंशांवर सुरू केली. पर्वरीचा चढ चढून वर ७२. तुंबाऱ्यात वाढत ८४. पूल उतरून मेरशीला ६९. बांबोळीचा चढ संपताना ७३. झुआरी पुलावर ८० च्या वेगाने चाललो होतो तेव्हा ६४! ट्रिम अधिक ६. उभ्या गाडीचा आरपीएम सकाळी ९०० च्या आसपास, तुंबाऱ्यात ७५०.

गाडी गरम होत नाही हे चांगलंच ना?

लॅम्बडा_एक

अजिबात चांगलं नाही. सापडला चोर. ट्रिम व्यवस्थित आहे, म्हणजे हवा, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर सगळे बरे आहेत, तुमचे साडेचार हजार वाया गेले. पण निरोगी इंजिन दहा-बारा किलोमीटरांत पंचाऐंशी-नव्वदला जाऊन तिथेच राहायला हवं, चढ असो वा पूल. तुमचं मोकळ्या रस्त्यावर थंड होतंय आणि तुंबाऱ्यात तापतंय. हे उलटं आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय.

स्पॅनरबाब

अडकलेला नाही. तो नाहीच आहे. बिल सापडलं का?

पिंपळकट्टा

काका, तुम्हाला दंडवत. ग्लोव्ह बॉक्समध्ये मिळालं. "फॅन रिले, कूलंट, व्हॉल्व्ह काढला." त्या वेळी वाचलंच नव्हतं.

कोरडा_विनोद

बिलात प्रामाणिकपणे लिहिलंय. माणूस सज्जन आहे.

स्पॅनरबाब

हसू नका, मीही शेकडो काढलेत. गाडी गरम झाली की पहिला व्हॉल्व्ह काढून भंगारात. "आपल्या हवेत लागत नाही, तो थंड देशांसाठी." हेच मी गिऱ्हाइकांना सांगायचो आणि त्यांना पटायचं, कारण इथे मे महिन्यात माणूस उकडतो. कार्बोरेटरच्या गाडीत चालूनही जायचं. चोक ढकलला की संपलं, पुढे इंजिन किती तापलं ते कार्बोरेटरला कळतच नव्हतं. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या, नि व्हॉल्व्ह काढलेल्या गाड्या ॲव्हरेजची तक्रार घेऊन परत यायला लागल्या. मला समजायला दोन वर्षं लागली. वाईट वाटतं अजून.

नवा घेतलास की लावायच्या आधी टोपात पाणी घेऊन उकळायला ठेव, व्हॉल्व्ह दोऱ्याने त्यात सोड, बाजूला थर्मामीटर. आत मेणाची गोळी असते, ती फुगली की तोंड उघडतं. ८२ लिहिलेलं असेल तर ८२ च्या आसपास हलायला लागलं पाहिजे. बायकोला विचारून टोप घे. कूलंट तयार मिळतो तोच, विहिरीचं पाणी ओतायचं नाही. आणि पंखा चालतो की नाही ते तुंबाऱ्यात स्वतःच्या कानांनी ऐक. नाहीतर व्हॉल्व्ह लावला म्हणून गरम झाली असं म्हणशील.

उसगावचो

हे वाचून सकाळीच वाकून बघितलं. माझ्याकडे आहे व्हॉल्व्ह. बरें जालें.

पिंपळकट्टा

पण कारण समजावून सांगा कोणीतरी. वीस अंशांच्या फरकाने एवढं पेट्रोल?

लॅम्बडा_एक

एकाच वाटेने जात नाही, चार वाटांनी गळतं.

थंड धातूवर पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब भिंतींना चिकटतात. म्हणून कारकुनाला नेमून दिलंय की कूलंट थंड असेल तर जास्त सोड. ऑक्सिजन सेन्सर तापला की तो बरंचसं सावरून घेतो, तुमच्या ट्रिमवरून दिसतंच. पण तुम्ही चढावर जोर मागता तेव्हा सेन्सरची दुरुस्ती बाजूला राहते आणि तक्त्यातला आकडा चालतो. तिथे थंडीचा जादा वाटा मिळत राहतो. दुसरं, उभ्या गाडीचा आरपीएम वर ठेवला जातो, तुम्ही तो पाहिलाच. तिसरं, ऑइल जाड राहतं आणि पिस्टन, बेअरिंग सगळं जडपणे फिरतं.

चौथं तुमच्या रस्त्याला नेमकं लागू आहे. वर मी इंजेक्टर बंद होण्याबद्दल लिहिलं ना, बहुतेक गाड्यांत ते इंजिन ठरावीक तापमानाच्या वर असेल तरच होतं. तुमच्या वाटेवर पर्वरीचा उतार, बांबोळीहून आगशीकडचा उतार, परतताना कुठ्ठाळीचा उतार. एवढे सगळे उतार तुम्ही पैसे भरून उतरत होतात.

काट्यावर का दिसलं नाही म्हणाल, तर डॅशबोर्डचा काटा मुद्दाम आळशी केलेला असतो, साठ-सत्तरच्या वर गेला की मध्येच बसून राहतो. म्हणजे गिऱ्हाइक घाबरत नाही.

दोडामार्गी

सगळं मान्य, पण कंपनी २० सांगते ते कुठून आणतात? तिथेच फसवणूक.

लॅम्बडा_एक

फसवणूक नाही, परीक्षा सोपी आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करून ठरलेल्या तालावर पळवतात, वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद. तिथे पर्वरी नसते आणि मागून हॉर्न मारणारी कदंबा बसही नसते. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरायचा, आपल्या वहीशी नाही.

पिंपळकट्टा

पहिल्या टाकीचा निकाल (फक्त हवा आणि ब्रेक): १४.१. तोच पंप, तीच नळी, पहिल्या 'टक'ला थांबवलं. डॅशबोर्ड १५.२ दाखवत होता, तो नेहमीच एक वाढवून सांगतो.

थर्मोस्टॅट आज बसवला. टोपाचा प्रयोग केला, ८३ ला उघडला. टोप नवा घ्यावा लागणार आहे. संध्याकाळी झुआरी पुलावर ८८, आणि तिथेच. पर्वरीत ९६ ला पंखा लागला, खिडकी उघडून ऐकला. आणि बांबोळीहून आगशीकडे उतरताना ॲपवरचा पेट्रोलचा आकडा चक्क शून्य झाला! मुलाला फोन देऊन तीन वेळा दाखवायला लावलं.

आता राहिला माझा पाय. बायको धागा वाचतेय, म्हणून विचारतो: हळूच ॲक्सिलरेटर द्यायचा हे खरं ना?

लॅम्बडा_एक

अर्धं खरं. लोक पाय इतका मऊ ठेवतात की दुसऱ्या गिअरमध्ये चाळीसपर्यंत रेंगाळतात, हे महाग पडतं. शहाळ्याची नळी चिमटून पाणी ओढून बघा, गालच दुखतात. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतो तेव्हा हवेची झडप जवळपास मिटलेली असते, आणि इंजिनाची ताकद त्या फटीतून हवा ओढण्यातच जाते. त्यापेक्षा अर्ध्याहून थोडा जास्त दाबा, पण दोन हजार आरपीएमला वरचा गिअर टाका. पन्नास-पंचावन्नला पाचवा, सपाटीवर. तळापर्यंत मात्र दाबायचं नाही, तिथे ईसीयू हिशोब सोडून जादा पेट्रोल ओततो. आणि पस्तीसला पाचव्यात गाडी थरथरवत नेणाऱ्यांनाही नमस्कार, त्यात काही वाचत नाही, इंजिन झिजतं.

वेगाचं सोपं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की अडथळा दीडपटीच्या वर. झुआरी पुलावरून वेर्ण्याला तुम्ही त्यात किती मिनिटं वाचवता, मोजून बघा.

बाकी सगळ्यात मोठी बचत ब्रेकच्या पेडलमध्ये आहे. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेल्या पेट्रोलची चाकात केलेली शेगडी. मेरशीला सिग्नल तांबडा दिसला की लांबूनच पाय काढा, गिअर राहू द्या.

चोडणची_मानकुराद

लांबून पाय काढला की मधल्या जागेत तीन स्कूटर आणि एक रेंट-अ-कार घुसते.

लॅम्बडा_एक

घुसू द्या. त्यांनाही त्याच सिग्नलला थांबायचंय.

स्पॅनरबाब

ऑइल कुठलं आहे ते बघितलंस काय? पुस्तकात ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ असेल. पुष्कळ गॅरेजवाले पिंपातलं २०डब्ल्यू-५० ओततात, "जुनी गाडी, जाड घाल" म्हणून.

आणि पावसात रात्री सपाट जागी हँडब्रेक ओढू नको. पहिला गिअर टाक, चाकामागे चिरा लाव. नाहीतर पुढच्या गणेशचतुर्थीला हाच धागा पुन्हा काढशील.

पिंपळकट्टा

तीन टाक्या झाल्या, म्हणून शेवटचा हिशोब टाकतो. थर्मोस्टॅटनंतर १५.४. पुढची टाकी पाय सांभाळून, ब्रेक कमी, वेग ८० च्या आत: १५.९. तिसरी १५.८. त्यातले दोन दिवस धो-धो पाऊस आणि पर्वरीत पाऊण पाऊण तास. ऑइल खरंच जाड निघालं, ते पुढच्या सर्व्हिसला बदलीन.

महिन्याला साधारण १७५० किलोमीटर होतात. १२.५ ने १४० लिटर लागायचं, आता १११. १७ पुन्हा दिसेलसं वाटत नाही. इथेनॉल आणि उड्डाणपूल यांच्या नावावर एक किलोमीटर सोडून दिला.

एक मात्र लिहायलाच हवं. पाय सांभाळून जो फरक पडला तो जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "गाडी वर्षभर थंड होती नि तुला कळलं नाही, हे जास्त वाईट." स्पॅनरकाका, रविवारी फोंड्याला येतोय, इसवण आणू की चणाक?

स्पॅनरबाब

मुलगा मासे खात नाही, मी एकटाच. चणाक आण.

चोर्लावीर

काल तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो. ब्रेकचा वास आला नाही. वडिलांना सांगितलेलं नाही.

दोडामार्गी

माझाही स्कॅनर आज आला. बांद्याहून पेडण्यापर्यंत ६३ च्या वर जात नाही. डिझेलमध्ये इथेनॉल नसतं हे मला माहीत आहे, कोणी लिहू नका. बिलं शोधतोय.